आट्यांवरचा दाब : कालव्याच्या दरवाजाचा दांडा का वाकतो?

नट-बोल्ट म्हटले की ताणाची कल्पना मनात येते. बोल्ट आवळला की तो ताणला जातो आणि त्या ताणाच्या बळावर दोन भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. आटे पाडलेल्या दांड्याचे हे सर्वांत परिचित रूप असले, तरी ते एकमेव नव्हे. मालमोटार उचलणारा जॅक, स्लॅबच्या सेंटरिंगखाली उभा केलेला आटेदार लोखंडी टेकू, कालव्याचा दरवाजा खाली ढकलणारा स्पिंडल, खांबाच्या तळपट्टीखालील बोल्ट ही सारी आटेदार दांड्यांचीच उदाहरणे आहेत. पण येथे दांडा ओढला जात नाही, दाबला जातो. दाबाखालचा दांडा ताणाखालच्या दांड्यापेक्षा मुळातच निराळा वागतो. ताणाखाली त्याची मजबुती पोलादाच्या प्रतीवर आणि जाडीवर ठरते. दाबाखाली मात्र लांबी हा तिसरा घटक पुढे येतो आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज उभे राहिले. शिवण नदीवरील विरचक, नवापूर तालुक्यातील रंगावली, शहादा तालुक्यातील दरा यांसारखे मध्यम प्रकल्प आणि अनेक लघुतलाव येथे आहेत. बॅरेजचे रुंद दरवाजे सर्वसाधारणपणे तारदोरांनी किंवा द्रवचालित यंत्रणेने उचलतात आणि ते बहुधा स्वतःच्या वजनाने खाली येतात. लहान विमोचकांवर, म्हणजे तलावातून कालव्यात किंवा कालव्यातून पाटचारीत पाणी सोडणाऱ्या द्वारांवर, मात्र सामान्यतः हाताने फिरवायची मळसूत्री यंत्रणा असते. रब्बीच्या आवर्तनात दरवाजा वेळेवर उघडणे आणि वेळेवर बंद होणे हे त्या एका दांड्यावर अवलंबून असते. तो वाकला की दरवाजा अर्ध्यावर अडकतो. वरच्या शेतात पाणी साचते, शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येते.

प्रतिबल आणि आटे

एखाद्या दांड्यावर भार आला की त्याच्या आत प्रतिकार निर्माण होतो. क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककावर येणाऱ्या या प्रतिकाराला प्रतिबल म्हणतात. येथे ते न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात दिले आहे. साध्या सौम्य पोलादाचे प्रतिबल २५०च्या आसपास पोचले की पोलाद कायमचे विकृत होऊ लागते. ही त्याची नमनमर्यादा होय. नेहमीच्या वापरात प्रतिबल या मर्यादेच्या बरेच खाली ठेवतात.

आटे पाडलेल्या दांड्यात बाहेरून दिसणारी जाडी सगळीच भार पेलत नाही. आट्यांच्या तळाशी उरलेला गाभा हाच खरा दांडा. जोडकामाच्या बोल्टवर त्रिकोणी आटे असतात. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. जुन्या पंपांच्या दुरुस्तीत 'चार सुती', म्हणजे अर्धा इंची, बोल्ट मागणारे कारागीर आजही भेटतात, ती या इंची परंपरेची खूण होय. ज्या मळसूत्राने भार हलवायचा असतो, त्यावर मात्र चौकोनी किंवा समलंबी आटे पाडतात. समलंबी मेट्रिक आट्यांचा कोन ३० अंशांचा असतो. त्रिकोणी आट्यांपेक्षा यांत घर्षण कमी असते आणि आट्याचा पाया रुंद असल्याने तो सहजासहजी कापला जात नाही.

एका दांड्याचा हिशेब

विवेचनासाठी एक प्रातिनिधिक दांडा घेऊ. बाहेरचा व्यास ४० मि.मी., आट्यांमधील अंतर म्हणजे पिच ७ मि.मी. आणि आटे समलंबी. अशा दांड्याच्या गाभ्याचा व्यास ३२ मि.मी. भरतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८०४ चौ. मि.मी. होते. २५० या नमनमर्यादेने गुणले तर हा दांडा जवळजवळ २० टन भार पेलू शकेल, असे उत्तर येते.

आता दरवाजा पाहू. दरवाजा ६० सें.मी. बाय ६० सें.मी. आहे आणि त्याच्या मध्यापासून वर ६ मीटर पाणी आहे. पाण्याचा दरवाजावरील आडवा रेटा सुमारे २.१६ टन होतो. खाचेतील घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर दरवाजा हलविण्यास सुमारे ६५० किलो बळ लागते. दरवाजाचे व दांड्याचे वजन मिळून १५० किलो मानू. उघडताना घर्षण आणि वजन दोन्ही विरोधात असतात, म्हणून ८०० किलोची ओढ लागते. बंद करताना वजन मदतीला येते आणि ५०० किलोचा रेटा पुरतो. मात्र दोन्ही वेळी बळाचा प्रकार बदलतो. दरवाजा उघडताना दांडा ताणाखाली असतो. बंद करताना तोच दांडा दाबाखाली येतो.

हे आकडे २० टनांपुढे नगण्य वाटतात. मग दांडे वाकतात ते का?

ऑयलरचे सूत्र

याचे उत्तर लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्येच देऊन ठेवले आहे. सडपातळ खांबावर टोकाकडून भार वाढवीत नेला, तर एका विशिष्ट भाराला तो चिरडला न जाता एकाएकी बाजूला बाकतो. अभियंते याला बकलिंग म्हणतात. बांबूची लांब काठी जमिनीवर टेकवून वरून दाबली की ती मधोमध धनुष्यासारखी होते, तोच हा प्रकार. हा निर्णायक भार पोलादाच्या नमनमर्यादेवर अवलंबून नसतो. तो पोलादाच्या ताठरपणावर, छेदाच्या आकारावर आणि लांबीच्या वर्गावर ठरतो. लांबी दुप्पट झाली की दांड्याची क्षमता निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश होते. येथे लांबी म्हणजे दांड्याची एकूण लांबी नव्हे, तर दोन आधारांमधील निराधार लांबी.

आपल्या दांड्याची दोन्ही टोके बिजागरीसारखी वळू शकतात असे मानून हिशेब केला, तर पुढील उत्तरे मिळतात. निराधार लांबी १ मीटर असेल तर निर्णायक भार सुमारे १०.४ टन, दीड मीटर असेल तर ४.६ टन आणि ३ मीटर असेल तर केवळ १.१५ टन. जो दांडा ताणात २० टनांपर्यंत टिकतो, तोच ३ मीटरच्या निराधार लांबीवर सव्वा टनाच्याही आत बाकतो. पोलाद अधिक उंची प्रतीचे वापरले तरी या शेवटच्या आकड्यात फरक पडत नाही, कारण सर्व पोलादांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो.

दांडा आखूड असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. निराधार लांबीला छेदाच्या घूर्णनत्रिज्येने भागले की जी संख्या येते, तिला कृशता गुणोत्तर म्हणतात. भरीव गोल दांड्याची घूर्णनत्रिज्या व्यासाच्या एक चतुर्थांश, म्हणजे येथे ८ मि.मी. असते. सौम्य पोलादासाठी हे गुणोत्तर सुमारे १२६च्या वर गेले की ऑयलरचे सूत्र वापरतात. त्याखाली जॉन्सनचे अन्वस्ताकार सूत्र वापरतात. आपल्या दांड्याच्या बाबतीत ही सीमारेषा नेमकी १ मीटरच्या आसपास येते.

दोन माणसांचा जोर

आता चाक फिरविणाऱ्या माणसाकडे वळू. ३० सें.मी.च्या हँडलवर एका माणसाने २० किलोचा जोर लावला, आट्यांमधील आणि नटाच्या बैठकीतील घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला व बैठकीची सरासरी त्रिज्या ३० मि.मी. मानली, तर दांड्यावर सुमारे ७२० किलोचे बळ निर्माण होते. माणसाच्या श्रमांपैकी जेमतेम १३ टक्के दरवाजा हलविण्यास उपयोगी पडतात, उरलेले घर्षणात जातात. पण याच घर्षणामुळे हात सोडला तरी दरवाजा आपोआप खाली सरकत नाही. येथे आट्यांचा चढ साडेतीन अंशांचा आणि घर्षणकोन पावणेनऊ अंशांच्या पुढे आहे, म्हणून मळसूत्र स्वतःच अडून राहते.

बंद करण्यास लागणारा ५०० किलोचा रेटा आणि एका माणसाचे ७२० किलो बळ, दोन्ही १.१५ टनांच्या खाली आहेत. म्हणजे नेहमीच्या वापरात दांडा सुरक्षित आहे. अडचण येते ती दरवाजा अडला की. खाचेत गाळ बसलेला असतो, लाकडाचा ओंडका किंवा दगड उंबऱ्यावर अडकलेला असतो, किंवा वर्षभर न हललेल्या कडा गंजलेल्या असतात. अशा वेळी दुसरा माणूस हात लावतो, नाहीतर हँडलवर लोखंडी पाइप चढवून त्याची लांबी दुप्पट केली जाते. दोन्ही प्रकारांत दांड्यावरचे बळ १.४४ टनांवर जाते आणि निर्णायक भार ओलांडला जातो. दांडा बाकतो तो याच क्षणी.

हा जोर दरवाजा उघडताना लावला असता तर काहीही बिघडले नसते. दीड टनाची ओढ ही २० टनांच्या क्षमतेपुढे किरकोळ आहे. उघडताना चालून गेलेली युक्ती मिटताना मात्र अंगाशी येते. दोघांनी मिळून फिरविल्यावर दरवाजा उघडला हा अनुभव गाठीशी असतो, म्हणून बंद करतानाही तीच युक्ती बेधडक वापरली जाते.

ताण-प्रतिबलाचा आकडा काय सांगतो?

दांडा बाकण्याच्या बेतात असताना त्याच्या आत प्रतिबल किती असते? १.४४ टनांच्या भाराखाली सरळ दाबाचे प्रतिबल १७.६ येते. आट्यांतील घर्षणामुळे दांड्याला पीळही पडतो. त्याचे कर्तन प्रतिबल ८.८च्या आसपास असते. दोन्ही एकत्र केल्यावर समतुल्य प्रतिबल सुमारे २३ होते. २५० या मर्यादेच्या हे दशांशही नाही. केवळ प्रतिबल तपासणाऱ्याला हा दांडा दसपट सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात तो वाकलेला असेल.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी येथे विशेष सावध राहावे. संगणकावर सांत घटक पद्धतीने, म्हणजे दांड्याचे असंख्य लहान तुकडे कल्पून, विश्लेषण करता येते. परंतु साधे रेखीय स्थितिक विश्लेषण बाकण्याचा धोका दाखवीत नाही. पडद्यावर सगळा दांडा सुरक्षित निळ्या रंगात दिसतो. त्यासाठी बाकण्याचे वेगळे विश्लेषण करावे लागते आणि त्यात टोकांचे आधार प्रत्यक्षात जसे आहेत तसेच धरावे लागतात.

आट्यांची स्थिती तुलनेने बरी असते. ६० मि.मी. उंचीच्या नटात साधारण आठ आटे भार घेतात. तो सारखा वाटला गेला असे मानले तर आट्यांच्या पृष्ठावरील दाब ४.४ येतो. प्रत्यक्षात वाटणी सारखी होत नाही. नेहमीच्या नट-बोल्टमध्ये पहिलाच आटा एकूण भाराचा सुमारे एक तृतीयांश वाटा उचलतो, कारण बोल्ट ताणला जातो तेव्हा नट दबला जातो आणि दोघांचे आटे एकमेकांपासून सरकू पाहतात. दाबाखालील मळसूत्रात नट कोठे टेकलेला आहे, यावर वाटणी ठरते. भाराच्या बाजूच्या कडेवर नट लटकविला असेल तर दांडा दबतो आणि नट ताणला जातो. भार पहिल्या आट्यावर एकवटतो. उलट, नट दुसऱ्या टोकाला टेकविला तर दोघेही दबतात आणि भार अधिक समप्रमाणात पसरतो. एक तृतीयांश भार एका आट्यावर आला तरी आपल्या उदाहरणात तेथील दाब १२च्या आसपास राहतो. आटे झिजतात ते बहुधा वंगणाच्या अभावी आणि आत गेलेल्या रेतीमुळे.

तिरपा दांडा

येथवरचे गणित सरळ दांड्याचे होते. प्रत्यक्षात वरचा नट आणि खालचा दरवाजा अचूक एका ओळंब्यात क्वचितच असतात. भार मध्यरेषेपासून केवळ १० मि.मी. बाजूला असला, तर ७२० किलो बळाखाली प्रतिबल ९ ऐवजी सुमारे ७७ होते, म्हणजे आठपटीहून अधिक. दांडा थोडा बाकला की भाराचे अंतर वाढते, अंतर वाढले की तो आणखी बाकतो. एकदा वाकलेला दांडा घणाने सरळ करून बसविला तरी त्यात थोडी वक्रता राहून जाते आणि पुढच्या खेपेस तो आधीपेक्षा कमी बळाला बाकतो.

जॅक, टेकू आणि पवनचक्क्या

हेच तत्त्व इतरत्र लावले की कोठे भ्यायचे आणि कोठे नाही, हे कळते. जॅकच्या मळसूत्राचे वरचे टोक मोकळे असते, म्हणून त्याची परिणामी लांबी प्रत्यक्ष लांबीच्या दुप्पट धरावी लागते. तरीही आपलाच दांडा जॅकमध्ये ३० सें.मी. वर आला तर जॉन्सनच्या सूत्राने त्याची क्षमता साडेसोळा टनांच्या पुढे राहते. तेथे धोका बाकण्याचा नसून जॅक कलंडण्याचा असतो. म्हणून जॅकखाली कठीण, सपाट फळी हवी आणि उचललेल्या वाहनाखाली शिरण्यापूर्वी वेगळा भक्कम आधार हवा. सेंटरिंगच्या टेकूंची गोष्ट उलट आहे. ते लांब आणि सडपातळ असतात. मधले आडवे बंध काढले की निराधार लांबी वाढते आणि ताज्या काँक्रीटच्या वजनाखाली क्षमता एकदम घसरते.

दिव्यांचे खांब व मनोरे उभारताना तळपट्टी बोल्टांवरील खालच्या नटांवर समतल करतात. तिच्याखाली मसाला भरला जाईपर्यंत सारा भार बोल्टांच्या उघड्या भागावर दाबाच्या रूपाने येतो. खालचा नट आणि काँक्रीट यांतील अंतर बोल्टच्या व्यासापेक्षा जास्त नसावे, असा सर्वमान्य दंडक आहे.

धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसरात आणि नंदुरबारलगतच्या पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांमध्ये आणखी वेगळा प्रकार दिसतो. मनोऱ्याचे तुकडे जोडणारे बोल्ट आधीच प्रचंड बळाने ताणून ठेवलेले असतात, ३६ मि.मी. व्यासाच्या उच्च प्रतीच्या बोल्टमध्ये हे बळ ५० टनांच्या आसपास असते. वारा सुटला की मनोऱ्याची एक बाजू ताणाखाली आणि दुसरी दाबाखाली येते. दाबाच्या बाजूचा भार जोडपट्ट्या थेट एकमेकींवर टेकून पेलतात. बोल्टमधील ताण थोडा कमी होतो इतकेच. बोल्ट सैल झाले की ही व्यवस्था बिघडते, बाहेरील भारातील चढउतार बोल्टवर येऊ लागतात आणि थकव्याने भेगा पडतात. म्हणून ठरावीक मुदतीने बोल्टांची तपासणी आणि पुन्हा आवळणी करावी लागते.

उपाय

दांडा वाकू नये यासाठी जाड दांडा घालणे हा पहिला सुचणारा उपाय आहे, पण तो सर्वांत स्वस्त नव्हे. ३ मीटरच्या मधोमध एक पोलादी मार्गदर्शक कडे भिंतीला पक्के बसविले की निराधार लांबी दीड मीटर होते आणि क्षमता चौपट वाढून ४.६ टनांवर जाते. दोन माणसांचा जोरही मग त्याला बाकवू शकत नाही. नवीन दांडा करायचा असेल तर फक्त वरच्या भागावर आटे ठेवून खाली पाइप जोडता येतो. बाहेरून ६० आणि आतून ५० मि.मी. व्यासाच्या पाइपचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मि.मी., म्हणजे आपल्या भरीव गाभ्यापेक्षा किंचितच अधिक आहे. पण बाकण्याला त्याचा विरोध सहा पटींहून जास्त आहे. जवळजवळ तेवढेच पोलाद, फक्त मध्यरेषेपासून दूर ठेवलेले. अशा यंत्रणांच्या आखणीसाठी भारतीय मानक ११२२८ उपलब्ध आहे.

देखभालीचे नियम साधे आहेत. आवर्तनापूर्वी खाच आणि उंबरा यांतील गाळ काढावा. आटे घासून वंगण द्यावे. दरवाजा पूर्ण मिटल्याची आणि पूर्ण उघडल्याची खूण दांड्यावर रंगाने करावी, म्हणजे मिटलेल्या दरवाजावर उगाच जोर लावला जाणार नाही. दांडा ओळंब्यात आहे की नाही, मार्गदर्शक कडी जागेवर आहेत की नाहीत, हे वर्षातून एकदा पाहावे. बंद करताना चाक जड लागले तर थांबावे, दरवाजा थोडा उघडून पाण्याच्या झोताने अडकलेली वस्तू वाहून जाऊ द्यावी आणि मग पुन्हा सावकाश मिटवावा. हँडलला पाइप लावायचाच असेल तर तो उघडताना लावावा. बंद करताना कधीही लावू नये.

पाटकरी आणि पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी यांना ऑयलरचे सूत्र पाठ असण्याची गरज नाही. ओढताना दांड्याची जाडी पाहावी आणि ढकलताना लांबी पाहावी, एवढे एक सूत्र चाकाशेजारच्या भिंतीवर रंगवून ठेवले तरी पुष्कळ दांडे सरळ राहतील आणि आवर्तनाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत वेळेवर पोचेल.